माझी फीत, त्यांची कात्री

फीत म्हटली की आमच्याकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचते: कापायची. तिचं आणखी काही करता येतं हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. असल्या डोक्यांच्या राज्यात मी रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळायला निघाले होते. इतकी वर्षं झाली, तरी ती मंडळी आठवली की माझं टाळकं सटकतं.

माझी आई फिलिपिनो. बाबा अंबरनाथजवळच्या कुळगावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. आखातातल्या एका इस्पितळात ती नर्स होती आणि बाबा वायरमन. तिथेच लग्न झालं, तिथेच मी झाले, आणि मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा आम्ही इकडे आलो. तोंडावळा सगळा आईचा, त्यामुळे शाळेत मी ‘नेपाळी’. मी सांगायचे, नेपाळ नाही हो, फिलिपिन्स! त्यावर एक बाई म्हणाल्या, “तेच ते.” या बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या.

आई लहानपणी मनिलात हाच खेळ खेळलेली. कुळगावच्या घरामागे भात झोडायचं खळं होतं, शेणाने सारवलेलं, गुळगुळीत. तिथे तिने मला शिकवायला घेतलं. या खेळात दोरी, रिंग, चेंडू नाहीतर फीत घेऊन कसरती करायच्या असतात; आमची दोरी विहिरीची, रिंग सायकलच्या जुन्या टायरची. फितीसाठी उल्हासनगरला एका सिंधी दुकानात गेलो, तर दुकानदार साटीन मोजता मोजता म्हणाला, “इतनी लंबी? शादी किसकी है?” त्याचं मला काही वाटलं नाही, त्याला निदान कापड कळत होतं. शेजारपाजारच्यांना तेवढंही कळत नव्हतं. पोरगी पतंगाचं शेपूट घेऊन नाचतेय, म्हणून कुंपणाशी उभं राहून फिदीफिदी हसायचे. एका काकूंनी तर बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, “तिला इतकी वाकवू नका हो, पुढे बाळंतपणाला जड जाईल.” मी तेव्हा दहा वर्षांची होते!

मग मनिलाहून मावशीने खरी फीत पाठवली. एका टोकाला पिवळी, आणि जात जात दुसऱ्या टोकाला केशरी. काठीला बांधून ती हवेत फिरवायची, चक्रं काढायची, लाटा काढायच्या, आणि खेळ संपेपर्यंत तिला गाठ पडू द्यायची नाही. गाठ पडली की गुण गेले. ती फीत मी रोज सरावानंतर पुसून गुंडाळून ठेवायचे. आई म्हणायची, “हा फीत तुझा जीव.” मराठीतली लिंगं तिला कधी जमली नाहीत, आणि ‘तुम्ही’ हा शब्द तर तिने शिकायचाच नाकारला. सगळ्यांना सरसकट ‘तू’.

अंबरनाथला नवा क्रीडा हॉल बांधला आणि राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी तिथेच ठरली. एकच मुलगी जाणार होती. माझा चेंडू चांगला होता, दोरी चांगली होती, आणि फितीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मला तिथे जायचंच होतं. ‘नेपाळी’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर टिच्चून जायचं होतं.

पण हॉल नवा, म्हणजे आधी उद्घाटन. हॉलच्या समितीने हार आणले, नारळ आणला, ताटात कुंकू लावलेली कात्री आणली, पाहुण्यांना ओवाळायला पाच बायका आणल्या. फीत विसरले. पाहुणे गाडीतून उतरले आणि एकच धावाधाव. मी आत अंग मोकळं करत होते. माझी पिशवी दाराशी. समितीच्या सेक्रेटरींनी तीत डोकावून पाहिलं आणि म्हणे आनंदाने ओरडलेच, “अरे, ही काय! इम्पोर्टेड!”

मला टाळ्या ऐकू आल्या. बाहेर आले तर दाराच्या एका खिळ्याला पिवळा तुकडा लोंबत होता आणि दुसऱ्याला केशरी. मधे पाहुणे उभे, हातात कात्री, फोटोसाठी अजून हसतायत. आई गर्दीतून सरळ त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, “साहेब, तू माझ्या मुलीचा फीत कापला.”

आणि मग त्या शहाण्यांना राग कशाचा आला? साहेबांना ‘तू’ म्हटल्याचा! फितीचं कोणी नाव काढेना. सेक्रेटरी मला म्हणाले, “बेबी, रडतेस काय, शुभकार्याला लागली. अर्धी उरलीय ना काठीला बांधायला? तेवढ्यात भागव.” शुभकार्य म्हणे. केशरी तुकडा तोवर कात्रीच्या ताटातून कुठेतरी आत गेला होता.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी माझा पिवळा तुकडा टेपने मोजला. लांबी कमी, फितीचा प्रकार बाद, गुण शून्य. वाईट वाटतंय म्हणाल्या आणि शून्यच लिहिलं. दुसरी मुलगी गेली. बरी होती, चेंडू मात्र दोनदा पाडला होता तिने.

“तुला काय फरक पडतो?” सेक्रेटरी जाताना म्हणाले. “तुझा तर दुसरा देश आहे. तिकडून खेळ.”

आईने ते मनावर घेतलं. मला मावशीकडे मनिलाला ठेवलं. तिथल्या मुलींनी पहिल्याच दिवशी माझं मोडकंतोडकं बोलणं ऐकून मला नाव ठेवलं, ‘बुंबाय’. म्हणजे बॉम्बेवाली, तिकडे सगळ्या हिंदुस्थान्यांना तेच म्हणतात. मी रागाने ओरडले, “बॉम्बे नाही, अंबरनाथ!” त्या अशा बघत राहिल्या, जसं मी एखाद्या आजाराचं नाव घेतलं. तिथेही शहाण्यांचा तुटवडा नव्हता. पण माझ्या फितीला कोणी कात्री लावली नाही, एवढं खरं. काही वर्षांनी त्या देशाकडून एका लहानशा स्पर्धेत खेळले आणि शेवटून तिसरी आले.

सुट्टीत घरी आले तर इथल्या पेपरात छापून आलेलं, ‘अंबरनाथची कन्या परदेशात चमकली’. चमकली कसली, डोंबल! पण समितीला सत्काराला तेवढं निमित्त पुरलं. शाल, श्रीफळ, आणि हॉलच्या नव्या खोलीचं उद्घाटन माझ्याच हस्ते. तेच सेक्रेटरी, पोट थोडं पुढे आलेलं. “या, या मॅडम! आपलीच लेक!” म्हणत त्यांनी ताट पुढे केलं. मी कात्री उचलली आणि दारात बांधलेल्या फितीकडे पाहिलं.

केशरी. मधे मधे गाठी.

“ही कुठून आणलीत?”

“समितीचीच आहे,” ते कौतुकाने म्हणाले. “चांगल्या मालाची आहे हो, फेकवत नाही. प्रत्येक उद्घाटनाला हीच. कापली की पुन्हा गाठ मारतो.”

मी कात्री ताटात ठेवली. दोन्ही खिळ्यांवरून फीत सोडली, बोटांभोवती गुंडाळली आणि पर्समध्ये घातली. सेक्रेटरी गडबडून म्हणाले, “अहो मॅडम, मग आता उद्घाटन कसं करायचं?”

“नारळ फोडा,” मी म्हटलं. “तो तरी स्वतःचा आणलाय ना?”

शाल तिथेच खुर्चीवर टाकली आणि समोर बसलेल्या आईला घेऊन निघाले. रिक्षात बसेपर्यंत मी ताठ होते. मग आईने पर्समधून फीत काढून मांडीवर घेतली आणि नखाने एकेक गाठ सोडवायला लागली. इतक्या घट्ट बसल्या होत्या की सुटेनात. “राहू दे गं,” मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. तिने काही ऐकलं नाही. घर येईपर्यंत ती सोडवतच होती.