इमरानभाईंच्या लग्नाचं न उघडलेलं कार्ड

परवा रविवारी सकाळी बेल वाजली. बघते तर दारात इमरानभाई... नल्लकुंट्याहून थेट हैदराबादच्या या टोकाला, एका हातात मिठाईचा डबा आणि दुसऱ्या हातात त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कार्ड.

"अंकल, व्हॉट्सअ‍ॅप केलं असतं तरी चाललं असतं," माझी लेक म्हणाली. त्यावर आम्ही दोघं जे हसायला लागलो ते थांबेचना. तिला मग जे सांगितलं, तेच इथे सांगते.

तेव्हा हैदराबादेत मोठमोठ्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे होते. मी कॉम्प्युटर सिक्युरिटीत आहे म्हटलं, की लोक विचारायचे, "म्हणजे वॉचमन पुरवता का?" घरच्यांनाही धड कळत नव्हतं, बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात...

अशा वेळी आमच्यासारख्या दहा-बारा जणांना इमरानभाईंनी गोळा केलं. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी नल्लकुंट्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जमायचं, कुठे कुठला व्हायरस आला, कुणाचा सर्व्हर कसा पडला यावर पोटभर बोलायचं. त्या खोलीत आपली भाषा कळणारी माणसं भेटायची, म्हणून मी महिनाभर त्या शनिवारची वाट बघायचे.

इमरानभाईंच्या वडिलांचं अफझलगंजला सुक्या मेव्याचं दुकान. ते थोरल्या भावावर टाकून हे कॉम्प्युटरच्या मागे लागले, याचा अब्बांना भारी राग होता. "ये कौन लोगां हैं जिनसे मिलने जाता तू?" असं ते दर महिन्याला विचारायचे म्हणे.

आमच्या ग्रुपची एक रीत होती. दर महिन्याला एकाची पाळी... त्याने बाकीच्यांना एक खोटा मेल पाठवायचा. जो फसून अटॅचमेंट उघडेल, त्याच्या स्क्रीनवर 'चाय तुम्हारी' अशी अक्षरं यायची आणि पुढच्या मीटिंगला त्याने सगळ्यांना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं द्यायची.

त्या महिन्यात पाळी होती इमरानभाईंची. आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांचा मेल आला... 'उद्या माझं लग्न आहे, अचानक ठरलं, पत्ता कार्डात आहे, उघडून बघा आणि नक्की या!!!'

आता सांगा, कोण उघडेल? 'जो मेल घाई करायला लावतो तो आधी संशयाचा,' हे त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलेलं. त्यात लग्नाबद्दल आधी अवाक्षर नाही. पुण्याहून बदली होऊन आलेल्या कुलकर्णींनी तर सगळ्यांना उत्तर धाडलं, 'प्रयत्न बरा आहे.'

माझ्या मनात जरा पाल चुकचुकली होती. फोन करून विचारू का, असं मी कुलकर्णींना म्हटलंसुद्धा. "अहो, फोन केलात की अर्ध्या फसलात तुम्ही!" ते म्हणाले, आणि मीही फोनचा विचार सोडून दिला.

शनिवारी आम्ही सगळे ऐटीत जमलो. कुणीच फसलं नव्हतं, त्यामुळे चहाही नव्हता आणि बिस्किटंही नव्हती... सगळे होते, फक्त इमरानभाईंचा पत्ता नव्हता. वाट बघून शेवटी मी त्यांच्या मोबाईलवर फोन लावला. थोरल्या भावाने उचलला, मागे नुसता गलका.

"अरे बहन, किधर हैं आप लोगां? दुल्हन का भाई सौदी वापस जारा बोल्के जल्दी में शादी रखे. इमरान दो टेबल पकड के रखा आपके वास्ते, किसी कू बैठने नई देरा. अब्बा पूछरे, कहां हैं तेरे दोस्तां..."

मी त्यांच्याकडून हॉलचा पत्ता घेतला आणि सगळ्यांना सांगितलं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मग तीन ऑटो केल्या, सुलतान बाजारात थांबून घाईघाईत एक डिनर सेट घेतला आणि हॉल गाठला.

दारात अब्बाच उभे. आम्हाला बघून इमरानभाई स्टेजवरून उतरून आले, गळ्यात हार आणि चेहरा एवढासा झालेला. एरवी कधी माघार न घेणारे कुलकर्णी हात जोडून म्हणाले, "भाईसाब, हमको लगा ये आपका वो खोटा मेल है."

"कार्ड खोलेच नई? एक बी नई?" त्यांनी विचारलं.

आम्ही माना खाली घातल्या. "एक बी नई."

आणि हा नवरदेव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अब्बा, देखो! ये हैं मेरे लोगां! मेरी शादी का कार्ड भेजा, एक बी नई खोला!"

"तो इसमें खुश होने की क्या बात है रे?" अब्बा पार गोंधळून गेले होते. पण त्यांनी कुलकर्णींचा हात धरला, आम्हाला त्या दोन रिकाम्या टेबलांपाशी नेलं आणि स्वतः उभं राहून आग्रहाने वाढलं. त्यानंतर 'ये कौन लोगां' हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नाही.

पुढच्या मीटिंगला चहा-बिस्किटं आम्ही सगळ्यांनी मिळून दिली. आणि एक नवा नियम झाला... शंका आली तर आधी फोन करायचा, त्यात हार नाही. संशय घ्यायला आम्ही छान शिकलो होतो, खात्री करायची मात्र राहून गेली होती.

तर परवा इमरानभाईंनी कार्ड माझ्या हातात ठेवलं, पण जायला काही उठेनात. "पैले खोलो. मेरे सामने." मी उघडलं आणि तारखेपासून हॉलच्या पत्त्यापर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

ते गेल्यावर कुलकर्णींना फोन केला. "माझ्याकडे काल येऊन गेले," ते म्हणाले. "माझ्याकडून तर 'उघडलं' असं लिहून सही घेतली."

आपण येतोय की नाही याची इतकी खात्री करून घेणारं माणूस आयुष्यात असणं... आणखी काय हवं? दोन टेबलं याही वेळी राखून ठेवली आहेत म्हणे. यंदा आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन बसणार आहोत.