येसरात मीठ नसतं

निलंग्याच्या पेठेत मलप्पांचं किराणा दुकान हाय. मलप्पांनी माल तोलला की गिऱ्हाईक काट्याकडं बघत न्हाई, पिशवी पुढं करतं. असला माणूस. त्यांच्या थोरल्या सुनेची, सुकन्याची, ही गोष्ट.

सुकन्या माहेरची उमरीकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासूबाईंच्या येसराचं वाटोळं केलं. येसर एकदाच करायचं असतं. धान्य-डाळी भाजायच्या, मसाला भाजायचा, दळून डबा भरून ठेवायचा. मग पाहुणा अवचित दारात उभा राहिला तरी घाबरायचं कारण न्हाई. पाण्यात येसर कालवलं, उकळी आली, आमटी तयार. भाजायचा कुटाणा एकदा, आमटी वर्षभर. नव्या सुनेनं हौसेहौसेनं त्या डब्यात मीठ बी घालून ठेवलं. मलप्पांना डॉक्टरनं मीठ कमी सांगितलेलं, आणि धाकट्या दिराला मिठाबिगर घास उतरत न्हाई. एका डब्यातून दोघांचं कसं भागावं?

"मीठ ज्याच्या त्याच्या पातेल्यात गं बाई, डब्यात न्हाई!" सासूबाई लक्ष्मम्मा म्हणाल्या, आणि पुढं घरी कुणी जेवायला आलं की हा किस्सा त्यांनी ताटासोबत वाढला.

पोरगी मात्र जिद्दीची. लेकरं शाळेत जायला लागल्यावर तिनं एक जुना लॅपटॉप घेतला आणि व्हिडिओ बघून बघून वेबसाइटची पानं करायला शिकली. आधी स्वतःच्या दुकानाचं केलं, मग बहिणीच्या शिलाईकामाचं. तिची एक रीत होती. पानाचा एखादा भाग मनासारखा जमला, म्हणजे वरची फोटोची पट्टी म्हणा, मधल्या मालाच्या चौकटी म्हणा, की तेवढा तुकडा नाव देऊन जपून ठेवायची. पुढच्या पानाला तोच काढून लावायचा. फोटो बदलला, मजकूर बदलला, झालं.

पेठेतच शेषेरावांचं फोटो आणि कॉम्प्युटरचं दुकान. ते प्रत्येक पान कोऱ्यापासून करायचे आणि त्याचा त्यांना लई अभिमान. सुकन्याची रीत बघून म्हणाले, "वहिनी, ह्ये तर शिळं वाढणं झालं की."

"शिळं न्हाई भाऊजी, येसर हाय," सुकन्या म्हणाली. आतून लक्ष्मम्मांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला न्हवता.

त्या साली पेठेनं ठरवलं, दिवाळीच्या आधी शाळेच्या मैदानात सगळ्यांनी मिळून बाजार मांडायचा आणि त्याआधी प्रत्येक दुकानाचं एक पान व्हायचं. निलंग्याचं गिऱ्हाईक उठून लातूरला जातं, ते इथंच थांबावं म्हणून. काम शेषेरावांना द्यायचं की सुकन्याला, यावर बरीच वटवट झाली. शेवटी मलप्पांच्या सुनेला एक डाव देऊन बघू, असं ठरलं. म्हणजे काम सुनेला मिळालं, पण जामीन राहिला सासऱ्याचा शब्द.

सुकन्यानं झपाझप पानं उभी केली. बांगड्यावाली कोंडाबाई, चपलांवाले, बँडवाले, पाळणे विकणारे, सगळे. खालच्या पट्टीत बाजाराची जागा, तारीख आणि दुकानाचा फोन नंबर. पान झालं की नंबर तपासायची आणि मगच पुढं जायची. घरचं ताट शेवटी वाढावं, या रीतीनं सासऱ्यांच्या दुकानाचं पान तिनं सगळ्यांच्या मागं नव्यानं केलं आणि पेठेला सांगितलं, "झालं, बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्पांचा फोन वाजला.

"हॅलो, दहा नंबरच्या चपला हायेत का?"

"चपला? अरे बाबा, मी साखर इकतो."

फोन ठेवला तर पुन्हा वाजला. "लग्नाला बँड पायजे. घोडा तुमचाच असतोय का?"

"घोडा असता तर म्या दुकानात बसलो असतो का?"

मग कुणाला पाळणा पाहिजे, कुणाला जावयाला अंगठी. साखर तोलायची राहिली आणि मलप्पा निलंग्याच्या साऱ्या पेठेच्या चौकशांना उत्तरं देत बसले. तोवर कोंडाबाई पदर खोचून दुकानाच्या पायरीवर उभी.

"अप्पा, माझ्या पानावर तुमचा नंबर. चपलांच्या पानावर तुमचा नंबर. सून बी हुशार आणि सासरा बी हुशार! अख्ख्या पेठेचं गिऱ्हाईक तुमच्याकडंच वळवलं की."

मागून दोन-चार माणसं गोळा झाली. शेषेराव म्हणाले, "मी म्हणलं होतं." ते नेमकं काय म्हणले होते, ते कुणालाच आठवत न्हवतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

मलप्पांचा हात काट्यावरच थांबला. जन्मात त्यांना कुणी लबाड म्हटलं न्हवतं. ते एवढंच बोलले, "दिवे लागायच्या आत नीट झालं न्हाई, तर काम शेषेरावांना द्या. आन् माझी सून पुन्हा कुणाच्या पानाला हात लावणार न्हाई."

दाराआड उभ्या सुकन्यानं ते ऐकलं. तिच्यापरीस तिच्या सासऱ्याचं नाव टांगणीला लागलं होतं.

ती लॅपटॉप घेऊन सैपाकघरात बसली. एकेक पान उघडलं. सगळीकडं मामंजींचाच नंबर. असं कसं? आपण तर प्रत्येक नंबर डोळ्यानं बघितला होता. तिनं कोंडाबाईच्या पानावर नंबर नीट केला आणि चपलांचं पान उघडलं, तर तिथं बी कोंडाबाईचाच नंबर!

लक्ष्मम्मा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तोंड का पाडलंस? पुन्हा येसरात मीठ घातलंस का काय?"

सुकन्या आधी चिडली. मग पडद्याकडं बघितलं, आणि तिला हसूच फुटलं. "व्हय आत्याबाई, तेच केलं!"

झालं असं होतं. जपून ठेवलेला तुकडा दोन तऱ्हांनी लावता येतो. एक म्हणजे नुसती नक्कल. लावली की ती सुटी. दुसरं म्हणजे मुळाशी बांधलेला. तो एका ठिकाणी बदलला की सगळीकडं बदलतो. खालची पट्टी सुकन्यानं बांधून लावली होती. म्हणून नवा नंबर घातला की मागच्या सगळ्या पानांवर तोच जाऊन बसायचा. आणि शेवटचं पान होतं घरचं. रीत पाळली, आणि रीतच अंगलट आली.

तिनं त्या पट्टीतून नंबर काढून टाकला. एकाच जागी काढला, सगळीकडून गेला. बाजाराची जागा आणि तारीख तेवढी ठेवली, कारण ती सगळ्यांची एकच. मग प्रत्येक पानावर, पट्टीच्या वर, ज्याचा त्याचा नंबर सुटा घातला. सगळी पानं करून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासली. ऊन कलायच्या आत ती लॅपटॉप घेऊन स्वतः पायरीवर येऊन बसली.

"कोंडामावशी, तुमचं पान उघडा आन् फोन लावा."

कोंडाबाईनं लावला. फोन वाजला तो तिच्याच कंबरेच्या पिशवीत. चपलांवाल्यानं लावला, त्याचा खिसा वाजला. बँडवाल्याच्या फोनात तर बँडच वाजला. साऱ्या पायरीवर नुसता गलका. एकट्या मलप्पांचा फोन तेवढा वाजेना, आणि त्यांचा आनंद पोटात मावेना.

तेवढ्यात निरोप आला. शाळेच्या मैदानात अवकाळीचं पाणी साचलंय, बाजार आता मंगल कार्यालयात.

शेषेरावांनी कपाळाला हात लावला. "गेलं! एवढ्या पानांवर जागा बदलायची म्हणजे उद्याचा अख्खा दिस मोडला."

सुकन्यानं मांडीवरचा लॅपटॉप उघडला. बाजाराची जागा त्या बांधलेल्या पट्टीतच होती. तिनं एकदा टाइप केलं, एकदा दाबलं आणि म्हणाली, "आता बघा."

चपलांवाल्यानं बघितलं, मंगल कार्यालय. पाळणेवाल्यानं बघितलं, मंगल कार्यालय. शेषेरावांनी पाच-सहा पानं उघडून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. मग म्हणाले, "वहिनी, ही पट्टी बांधायची कशी, तेवढं दाखवा मला."

"दाखवते की. पर आधी शिळं म्हणलेलं परत घ्या."

"घेतलं! डब्यासकट घेतलं!"

बाजार दणक्यात झाला. पुढं उदगीरच्या पेठेनं सुकन्याला बोलावलं, मग लातूरच्या एका गल्लीनं. पण तिला विचाराल तर ती त्या संध्याकाळचंच सांगेल. कोंडाबाई दुकानातून बांगड्यांचा डबा घेऊन आली, भर पेठेत पायरीवर बसली आणि सुकन्याचा हात ओढून हिरव्यागार बांगड्या भरल्या. "बोलले ते पोटात घाल गं लेकी," म्हणाली.

इकडं मलप्पांचा फोन वाजला. सकाळीच जुना नंबर उतरवून घेतलेलं कुणीतरी असणार.

"बांगड्या?" मलप्पा ताठ बसून बोलले. "हायेत की. आमच्या पेठेत कोंडाबाईकडं. नंबर पानावर हाय, माझ्या सुनेनं घातलाय. एकदम बराबर हाय."