स्वतःच्याही बरोबरीचं नसलेलं तळं

आमच्या यादीत चौथ्या नंबरावर असलेलं तळं त्या दुपारी उठून रस्त्यावर आलं. मागून बदकं, इतकी शिस्तीत की सिग्नलला थांबली. तळ्याचं मला वसुधाक्कांनी फोनवर सांगितलं. सिग्नल मी पदरचा घातलाय.

अक्का आमच्या बॉस. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की सांधा सापडत नाही. त्या के. आर. पुरमजवळ त्या तळ्यावर उभ्या होत्या. मी आणि नागपूरचा समीर एचएसआर लेआउटच्या ऑफिसात. ढग इतके खाली उतरलेले की खिडकी उघडली असती तर एखादा आत येऊन मीटिंगला बसला असता.

आमचं काम असं. तळ्यांवर सेन्सर लावलेत, ते पाण्याची पातळी कळवतात. प्रोग्रॅम त्यावरून तळ्यांचा क्रम लावतो आणि पंपाची एकुलती एक गाडी पहिल्या नंबराकडे जाते. क्रम चुकला की बांधाखालच्या घरांत पाणी.

“अय्यो, इथं पाणी रोडवर, आणि गाडी कुठं निघाली?” अक्कांनी विचारलं.

गाडी निघाली होती एका पेंगणाऱ्या तळ्याकडे. ड्रायव्हरला फोन करून ती अक्कांकडे वळवली आणि कोड उघडला.

कॉम्प्युटरला पाच हे तीनपेक्षा मोठे एवढं कळतं. पण ‘तळं’ हा आम्ही बनवलेला टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार. दोन तळ्यांत मोठं कोण, हे त्याला आपणच शिकवायचं. याला ऑर्डरिंग म्हणतात. आम्ही लिहितो रस्ट भाषेत. तिचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून घेणारा, लग्नातल्या वरमाईपेक्षा जास्त खुसपटं काढणारा. त्याने आधीच हटकलं होतं: पातळी आकडाच असेल कशावरून? सेन्सर बिघडला की ‘नॅन’ येतं, ‘नॉट अ नंबर’. ते कुणापेक्षा मोठं नसतं, कुणापेक्षा लहान नसतं, स्वतःच्याही बरोबरीचं नसतं.

मला हे वाचूनच गुंगी येते. धुक्यातलं एक तळं दिसायला लागतं. त्याला काठ नाही, तळ नाही, आणि वाकून पाहिलं तर आत आपल्याऐवजी भलताच कुणीतरी वाकलेला.

समीरने कंपायलरची समजूत काढली होती: नॅन आलं तर बरोबरीचं धर. “काहून कोणाले नाराज करा?” म्हणाला.

त्या दिवशी असं एक नॅन-तळं तिसऱ्या नंबरावर बसलं होतं. पुढच्याला म्हणे आपण सारखेच, मागच्यालाही म्हणे आपण सारखेच. त्याच्यामागे अक्कांचं तुडुंब भरलेलं तळं होतं, पण बरोबरीच्याला ओलांडून पुढे कसं जाणार? सगळी रांग गोड झोपेत.

समीर म्हणाला, त्याला शेवटी टाकू. ज्याला आकडाच नाही त्याच्यासाठी डिझेल कशाला जाळायचं बे. मला ते पहिलं हवं होतं. आम्ही असे भांडलो की खालच्या मजल्यावरच्यांनी लिफ्ट बंद ठेवली. फोन चालूच होता.

“नंबर नाही म्हणजे पाणी नाही, असं कोण सांगितलं?” अक्का शांतपणे म्हणाल्या. “सरी, ठरलं. ते पहिलं घाल.”

मी ऑर्डरिंग बदललं: अज्ञात ते सर्वांत मोठं. स्क्रीनवर तळ्यांनी हलकेच जागा बदलल्या, जणू झोपेत कुशीवर वळली. के. आर. पुरमचं पाणी रस्त्यावरून उतरलं, तशी गाडी नव्या पहिल्या नंबराकडे, त्या नॅन-तळ्याकडे निघाली. अक्काही तिच्या मागोमाग गेल्या.

मग त्यांचा फोन आला. “सेन्सर दिसतच नाही रे. खांबासकट पाण्यात आहे.”

पाणी बांधावरून सांडायला सुरुवात झाली होती. पंप अंधार पडेपर्यंत चालला. खालच्या पहिल्या घराच्या पायरीवर पाणी चढलं, तिथल्या चपला तरंगल्या, एकमेकींभोवती फिरल्या आणि पुन्हा पायरीवर टेकल्या. उंबरा कोरडा राहिला.

समीरने दुसऱ्या दिवशी त्या तळ्याचा खांब उंच करून घेतला. मी मात्र तेव्हापासून एक पाळतो. जो काहीच कळवत नाही तो मजेत असेल, असं धरत नाही. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलेलं असू शकतं.