न गेलेल्या हाजीची भिंत

"विमान काढ, काबा काढ, बाबाला उंटावर बसव. काय बी काढ, पर आजच्या आज काढ," हमीदा म्हणाली. तोंडावर ओढलेल्या काळ्या पदरातून तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते विनवणी करणाऱ्या बाईचे डोळे नव्हते.

बशंदी रंगारी उंबऱ्याच्या आत, ती बाहेर, मध्ये चार हातांचं अंतर. साथ आल्यापासून इस्ना गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर लोक असंच बोलत होते, जणू दर दोन माणसांच्या मध्ये कुणी चावरा कुत्रा बांधून ठेवलाय.

"हमीदा, अगं तुझ्या बापाला म्या माती दिलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्या हातांनी. त्याच्या हजची भिंत कशी रंगवू?"

"मग त्याच्या नातीला बी माती द्यायला ये," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

बशंदीला सगळं गाव अम्म बशंदी म्हणायचं. अम्म म्हणजे काका. घरात त्याला कुणी पुतण्या नव्हता की भाचा, पण पंचक्रोशीत त्याला दुसरं काही म्हणणारं पोर नव्हतं. कुणी हजला निघालं की त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवायची, ही इथली रीत. बशंदीच्या बापानं ती हयातभर निभावली आणि कुंचल्यांबरोबर लेकाच्या हाती दिली. निळीचं आभाळ, त्यात विमान, विमानाच्या दर खिडकीत एक मिशाळ तोंड, खाली उंट, तलवार उगारलेला सिंह आणि मधोमध काबा. बशंदी स्वतः मक्केला कधी गेला नव्हता. काबा त्यानं क्यालेंडरवरून उचललेला.

"अम्म, तुझा काबा जरा कलतोय," लोक डिवचायचे.

"माझा न्हाई कलत. ज्यानं क्यालेंडर टांगलं त्याचा खिळा कलला व्हता," तो म्हणायचा.

बाकी कशाचीही थट्टा त्याला चालायची, पण एका बाबतीत तो हटून बसे. जो गेला नाही त्याची भिंत रंगवायची नाही. एकदा उसाच्या एका बड्या दलालानं गावात मिरवायला घरबसल्या हाजी व्हायचं ठरवलं. बशंदी नाही म्हणाला. दलालानं शहरातून दुसरा रंगारी आणला, त्याचं विमान बोंबलासारखं झालं, आणि पोरं अजून त्या घराला मासळीबाजार म्हणतात.

आणि आता सनूसीची भिंत.

सनूसी म्हणजे हमीदाचा बाप, बशंदीचा लहानपणापासूनचा सोबती, नाववाला. किती वर्षं हजच्या सोडतीत नाव टाकत होता. यंदा निघालं. हाजींची ती न शिवलेली पांढरी वस्त्रं त्यानं घडी करून उशाला ठेवली होती. मग ताप आला, आणि दम लागायला लागला. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा तिच्यातून नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली. नुसते चष्मे चमकत होते. सनूसीची नात तस्नीम, आठ वर्षांची, जिन्यावर उभी राहून असं किंचाळली की शेजारच्या घरांच्या खिडक्या लागल्या.

पोरगी गप होईना. तेव्हा तिची आत्या हमीदा पटकन बोलून गेली, "वेडे, भितीस काय? ती हाजी माणसं हायत. पांढरे कपडे दिसंनात व्हय तुला? गिद्दोला हजला न्यायला आलीत."

पांढऱ्या कपड्यातला माणूस मक्केला जातो, हे इथल्या पोराला बाळघुटीबरोबर मिळतं. पोरगी गप झाली. आजोबा, तिचा गिद्दो, जाताना हातसुद्धा हलवू शकला नाही, पण ती हात हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात सनूसी गेला. पोलिसांच्या गाडीमागून पेटी आली. गावातले अर्धे लोक म्हणत होते, इथं पुरू नका. चौघंच कबरस्तानात गेले, त्यातला एक बशंदी. मांडव नाही, कुराणाचं पठण नाही, दुखवट्याची कडू कॉफी नाही. घरात हमीदानं ताकीद दिली: पोरीसमोर जो रडेल त्याची जीभ ओढीन. आणि कुणी रडलं नाही. वफा, पोरीची आई, न्हाणीघरात नळ सोडून तोंडात पदर कोंबायची. नवरा कुवेतला अडकलेला, तो फोनवर म्हणायचा, "आक्का म्हणतीय तसं कर."

पण पोरगी टीव्हीसमोर बसून काब्याभोवतीचं रिकामं, धुतलेलं अंगण बघायची. त्यात गिद्दोला शोधायची. झाडूवाले तेवढे दिसायचे. मग बातमी आली की यंदा बाहेरचं कुणीच हजला येणार नाही. हमीदा म्हणाली, "गिद्दोला आधीच घेतलं आत." तस्नीमनं तिच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "मग आपली भिंत का न्हाई रंगवली?"

त्या दिवसापासून ती कोऱ्या भिंतीसमोरच्या ओट्यावर बसायची. खाणं सोडलं. पीठ उन्हात फुगवून भाजलेली गरम भाकरी, तिच्यावर काकवी, जी तिनं एरवी भांडून खाल्ली असती, ती माश्या खायच्या. दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायची. बोटांची सालं निघालेली. पापण्यांचे केस उपटून काढलेले. आईनं जवळ घ्यायला हात पुढं केला की मागं सरकायची.

बशंदी डबे घेऊन पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. साथीत लग्नं बंद, हज बंद. कुंचले वाळून काड्या झाले होते. ते त्यानं गरम पाण्यात भिजवले. खोटं रंगवायला हात मऊ करतोयस, असं त्याचं त्यालाच वाटलं. पण मग त्यानं ओट्यावरची पोरगी पाहिली. तिच्या कोपराचं हाड गुळगुळीत गोट्यासारखं वर आलं होतं.

"आलास?" ती म्हणाली. "लई उशीर केलास."

"कुंचले रुसले व्हते."

ती हसली नाही. वफा दारात उभी होती, तिच्यामागं हमीदा. बशंदीनं निळीचं आभाळ ओढलं. विमान केलं. पोरगी एकटक बघत होती, श्वास धरून, जणू विमान खाली पडेल. त्यानं उंट काढला, वर सनूसीचा फेटा काढला, त्याचं ते वाकडं नाक काढलं, आणि त्याला वाटलं, कबरीत उतरवलेल्या माणसाला आपण पुन्हा ओढून बाहेर काढतोय.

हाजी निघतो तेव्हा निरोप द्यायला घरची माणसं भिंतीवर बारीक काढायची असतात. दर घरी बशंदी पोरांना विचारायचा. सवयीनं त्यानं इथंही विचारलं.

"तुला कुठं काढू गं? उंटाच्या पायाशी, का गिद्दोच्या म्होरं, उंटावर?"

"मला नको काढू."

"असं कसं? नात न्हाई तर हाजी रुसंल."

"मला तिथं नको काढू!" ती ओट्यावर उभी राहिली. "लांब काढ. त्या टोकाला. त्याला पुन्यांदा व्हईल."

"काय व्हईल?"

"टीव्हीवर सांगतेत ना. पोरांना काय व्हत न्हाई, पोरं म्हाताऱ्यांना देतेत. म्या त्याचा मुका घेतला व्हता. तोंडावर." तिचा आवाज बारीक, सपाट होता. "तू लवकर कर ना, अम्म. भिंत झाली म्हंजी त्यो खरंच हजला गेला. मग म्या न्हाई मारलं त्याला."

कुंचल्यातून निळा थेंब बशंदीच्या पायावर पडला. त्यानं मागं पाहिलं. वफानं दाराची चौकट धरली होती. हमीदा मान हलवत होती: नाही, नाही, बोलू नकोस.

पोरीला ठाऊक होतं. सगळ्यात आधी तिलाच ठाऊक होतं, आणि मोठ्या माणसांनी तिला त्या ठाऊक असण्यात एकटीला कोंडून बाहेरून विमानं रंगवायला घेतली होती. बशंदीनं कुंचला डब्यात टाकला आणि मातीत बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

"पोरी, भिंत झाली तरी त्यो हजला गेला न्हाई. तुझा गिद्दो मेला. म्या त्याला पुरलं."

मग तस्नीमनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि घरात धावली. आतून कडी वाजली. सनूसीच्या खोलीची.

"काय केलंस रं मेल्या!" हमीदा ओरडली. "सांगितलं व्हतं ना तुला!"

"क्लोरीन," वफा म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "क्लोरीनचा डबा त्याच खोलीत हाय."

तिघं दाराशी आले. आत आवाज नाही. हमीदा दारावर थापा मारत होती, "तस्नीम, उघड बाई, अम्म खोटं बोलतोय, गिद्दो यील..."

"गप बस!" वफा म्हणाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून नणंदेला ती असं कधी बोलली नव्हती. बशंदीनं दाराला खांदा लावला. तिनं त्याला बाजूला ढकललं आणि कपाळ दाराला टेकवलं.

"तस्नीम. अम्म खरं सांगतोय. गिद्दो मेला. आमी तुला खोटं सांगितलं."

आत पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. हमीदानं तोंडावर हात दाबला.

"माझ्यामुळं?" दाराच्या खालून आल्यासारखा आवाज.

"मला ठावं न्हाई कुणामुळं," वफा म्हणाली. बशंदीला वाटलं ही 'नाही' म्हणेल, सोपं ते म्हणेल. पण ती म्हणाली नाही. "ऐक. म्या त्याला रोज चहा दिला, त्याच कपातून त्यानं मला उष्टा पाजला. हमीदानं त्याचे पाय चेपले. त्यो सवता नावेतून साऱ्या गावाला नेत व्हता, कुणी खोकत व्हतं, कुणी शिंकत व्हतं. त्याला कुणी दिलं हे अल्लाला ठावं. पर मुका घेतला म्हणून तू त्याला मारलं न्हाईस. त्यो मुका त्याला हवा व्हता. रोज दारात बसून वाट बघायचा त्यो तुझी."

"तुला कसं ठावं?"

"म्या बघत व्हते ना. तू साळंतनं येईस्तवर त्यो जेवायचा न्हाई. मला रागं भरायचा, पोरगी कुठं राहिली म्हणून."

आत नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्याला आंघोळ कुणी घातली?"

"दवाखान्यातल्या माणसांनी."

"गरम पाण्यानं?"

वफाचा आवाज तिथं फुटला. "ठावं न्हाई गं. आमाला जाऊ दिलं न्हाई."

आणि मग हमीदा खाली बसली. बापाला नेलं त्या दिवसापासून दाबून ठेवलेला आवाज तिच्यातून असा निघाला की गल्लीतल्या शेळ्या ओरडायला लागल्या. "अरे बाबा! अरे माझ्या नाववाल्या बाबा!" ती मांड्या बडवत होती. तिला कुणी अडवलं नाही.

कडी निघाली. तस्नीम दारात उभी होती, कुडता ओला, नाक वाहतंय. डबा मागं आडवा पडलेला, बूच लावलेलंच. आईनं तिला जवळ ओढलं तशी ती अंग आखडून राहिली, आणि मग एकदम सैल पडली, झोपलेल्या पोरासारखी जड.

बऱ्याच वेळानं ती बशंदीकडं वळली.

"कुठं पुरलंय?"

"डोंगराच्या अंगाला. तुझ्या आजीजवळ."

"दाखव."

"एवढ्या उन्हाची कुठं नेतोस?" हमीदा रडता रडताच म्हणाली. "आणि पोरीबाळी कबरस्तानात..."

"आत्ता," पोरगी म्हणाली.

बायांना त्या दिवशी येऊ दिलं नव्हतं; कबर नेमकी कुठली हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बशंदी पुढं चालू लागला. मागं वफा, तिच्या बोटाला तस्नीम, आणि चपला शोधत शोधत हमीदा. गल्लीतल्या खिडक्या किलकिल्या झाल्या. त्या रुग्णवाहिकेच्या दिवशी ज्या घरानं सगळ्यांत आधी खिडकी लावली होती, तिथून एका म्हातारीनं फडकं तोंडाला धरून विचारलं, "काय झालं गं बायांनो? कुठं निघालात?"

हमीदा थबकली. वफानं बशंदीकडं पाहिलं. उत्तर पोरीनंच दिलं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"गिद्दो मेलाय. त्याच्याकडं चाललोय."

म्हातारी खिडकीतून आत गेली. थोड्या वेळानं तिचं दार उघडलं, आणि अंतर राखून तीही मागं चालू लागली.