भावोजींचा शॉवर

वस्तू घेण्याआधी तिची उलटतपासणी करणारा आमच्या भावोजींसारखा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढून ते रिटायर झाले आणि नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात घर बांधून राहिले. त्या घराच्या कड्या-कोयंडे निवडायला त्यांना जेवढे दिवस लागले, तेवढ्यात शेजाऱ्यांचं घर उभं राहून वास्तुशांतही झाली. छत्री घ्यायची तर वीसदा उघडून मिटायचे आणि एकविसाव्यांदा दुकानदाराला उघडायला लावायचे. पेणच्या रामवाडीचा एक हार्डवेअरवाला तर त्यांना लांबून येताना बघून चहाला निघून जायचा. ताई म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा एवढं बघितलं नव्हतंत." त्यावर भावोजी शांतपणे म्हणायचे, "तू काय वस्तू हायस गो?"

पेणला माझ्याकडे राहणारी आई एकदा अंगणात पडली आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत वर जाईनासा झाला. तांब्या डोक्याशी पोचेना. माझी बायको तिला अंघोळ घालायची, अगदी मायेने. पण आई अंग चोरून बसायची. "एकदा माझी मला अंघोळ करू दे रे," एवढंच ती म्हणायची. बाथरूममध्ये शॉवर बसवायचं ठरलं आणि निवड अर्थातच भावोजींकडे गेली. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या बोअरिंगचं पाणी जिभेवर घेऊन तोंड वाकडं केलं. "खाडीचं पाणी हाय हे. दोन महिन्यांत भोकं बुजतील. शॉवर असा पायजे, जो हातानं उघडेल आणि अंगठा फिरवला की साफ होईल."

मग सुरू झाली ती परीक्षा. रोह्याचं पाणी नदीचं, गोडं. त्यात शॉवरची कसोटी कशी लागणार? म्हणून भावोजी दर आठवड्याला पेणला यायचे आणि आमचं मचूळ पाणी दोन कॅनमध्ये भरून रेल्वेने रोह्याला न्यायचे. डब्यात एका बाईने विचारलं, "रोह्याला पाणी नाय काय?" भावोजी म्हणाले, "हाय, पण लय चांगलं हाय." पाच कंपन्यांचे पाच शॉवर रोज त्या पाण्यात बुडवायचे आणि उन्हात दोरीवर वाळत घालायचे. शेजारणीने ताईला विचारलं, हे कसलं नवीन वाळवण? एकाची चकाकी दहा दिवसांत उडाली, एकाचा आटा झिजला. भावोजी दर रविवारी फोनवर निकाल सांगायचे.

तीन महिने झाले आणि माझा संयम संपला. मी रामवाडीतून एक झकझकीत शॉवर आणून बसवून टाकला. आई त्या दिवशी पाऊण तास आत होती. बाहेर आली ती लहान मुलीसारखी हसत. पुढच्याच आठवड्यात भावोजी आले. हातात खोकं होतं. भिंतीवरचा शॉवर बघून थबकले. मी म्हणालो, "तुमची परीक्षा संपेपर्यंत आईने काय बिनअंघोळीचं राहायचं?" असं बोलायला नको होतं. ते म्हणाले, "नाय, चांगलं केलंस," चहा घेतला आणि खोकं परत घेऊन गेले.

दीड महिन्यात माझा शॉवर बुजला. साफ करायला तो हातानं उघडतच नव्हता. मी टाचणीने भोकं टोकरली, ती चार दिवसांनी पुन्हा बुजली. पाण्याच्या दोन धारा उरल्या, त्याही भिंतीकडे. भावोजींना फोन करायला हात उचलला, की माझेच शब्द आठवायचे. आईने तक्रार केली नाही. एके दिवशी तिने बायकोला हळूच हाक मारली आणि तांब्या आणायला सांगितलं. थंडीच्या शेवटी आई गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी अष्टमीला ताईकडे मुक्कामाला गेलो. बाथरूममध्ये तो शॉवर होता, पाचांतून पास झालेला. पण भावोजींनी तो माझ्या छातीइतका खाली बसवला होता. खाली प्लास्टिकचं स्टूल, आणि नळ डाव्या हाताला. मी बाहेर आल्यावर विचारलं, "एवढा खाली का बसवलात?"

"आईंसाठी," भावोजी टॉवेल वाळत घालत म्हणाले. "तुझा बुजला ते त्यांनी हिला सांगितलं व्हतं. महिनाभर हिकडं या म्हणून मी दोनदा फोन केला. त्या म्हणाल्या, नको. पोराने हौसेनं बसवलाय, त्याला वाईट वाटंल."

पेणहून रोहा एवढंसं. मी एक फोन केला असता, तर आई त्या स्टुलावर बसून रोज आपली आपण अंघोळ करत राहिली असती.