दगावलेल्या झाडांचं पत्रक

नर्सरीवाले आबा रोप विकायच्या आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचे. एकदा माझ्यासमोर बँकेतल्या एका साहेबांनी गुलाब मागितला. आबांनी विचारलं, “गॅलरीत ऊन कधी येतं?” साहेब गोंधळले. “ठाऊक नाय? मंग उद्या घरी थांबून बघा, परवा या. गुलाब कुठं पळून जात नाय.” साहेब बिचारे खरंच परवा आले. मी मात्र कपाळावर हात मारून घेतला. असा कुठे धंदा होतो का?

इंदिरानगरच्या टोकाला, रो-हाउसची रांग संपते तिथे त्यांची नर्सरी होती. जागा भाड्याची. नव्वदचं दशक संपत आलं तशा आजूबाजूला इमारती उठायला लागल्या आणि मालकाने सांगितलं, वर्षभरात जागा खाली करा. आबांनी वाद घातला नाही. पिशव्यांतली रोपं विकून संपली असती; त्यांना घोर लागला तो ‘मदर’चा. ज्या जुन्या झाडांच्या फांद्यांवरून नवी रोपं करायची, त्यांना ते मदर म्हणत. मोगरा, जाई, जास्वंद, लिंबू, सगळी जमिनीत घट्ट मुरलेली. ती न्यायची कुठे? आबा स्वतःच अंबडला लेकाच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होते.

अशा वेळी माणूस सेल लावतो. आबांनी पत्रक काढलं! माझं डीटीपीचं दुकान तेव्हा नवंच होतं. दर महिन्याला ते यायचे, खुर्ची मळेल म्हणून उभे राहूनच मजकूर सांगायचे. मी टाइप करायचे, शेजारी झेरॉक्स निघायच्या आणि आबा सायकलवरून त्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी टाकत फिरायचे. “मदर द्यायची तर घर बघून दिली पाहिजे, ताई,” ते म्हणायचे. “कोण झाडाला कसं सांभाळतं, वर्षभरात कळंलच की.”

पत्रकात जाहिरात औषधालाही नव्हती. उलट ऐन उन्हाळ्यात मोठ्या अक्षरांत छापायला लावलं, ‘सध्या रोप घेऊ नये. मरेल.’ आणि शेवटी त्यांचं लाडकं सदर, ‘दगावली’. कोणाकडचं कोणतं झाड गेलं आणि का गेलं, तेही नावानिशी! मी तावातावाने म्हणाले, “आबा, हे धंद्याचं पत्रक आहे की चौकातला फळा? गिऱ्हाईक तुटेल हो!”

“तुटू द्या. माणूस चिडला म्हंजी झाडाकडं बघतो तरी.”

चिडली माणसं, आणि आली माझ्याकडे! जोशीकाकू पत्रक फडकावतच दुकानात शिरल्या. त्यात छापलं होतं, ‘जोशीकाकूंचा मोगरा. कारण, सारखं पाणी. माया लय, पण मुळं कुजली.’ मला चांगलं अर्धा तास ऐकवून त्या गेल्या आणि तडक नर्सरीत जाऊन आबांशी भांडल्या. येताना दुसरा मोगरा घेऊन आल्या. पुढे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दारात हजर. “कळ्या धरल्यात म्हणावं. आता हेही छापा!” आबांनी लगेच ‘जगली’ असं नवं सदर सुरू करायला लावलं. त्या वर्षी मी ढिगाने लग्नपत्रिका टाइप केल्या, त्यातली एक आठवेल तर शपथ. आबांची पत्रकं मात्र तोंडपाठ आहेत.

शेवटच्या पत्रकात त्यांनी लिहवून घेतलं, ‘मदर द्यायच्या आहेत. पैसे नकोत. ज्यांच्याकडे कुंडी नव्हे, जमीन आहे त्यांनी पोतं घेऊन यावं.’ मला धास्ती वाटली. वर्षभर ज्यांची हजेरी घेतली ती माणसं कशाला येतील? आणि नाही आली तर सगळं बुलडोझरखाली जाणार होतं.

पण आली हो, आली! हातगाड्या, रिक्षा, कुणी टेम्पो घेऊन आलं. आबांनी त्या दिवशीही उलटतपासणी सोडली नाही. एका बंगलेवाल्याला त्यांनी सरळ परत पाठवलं, “तुमच्या अंगणात सगळी फरशी हाय. मुळं कुठं घालायची हिनं?” थोरला मोगरा जोशीकाकूंना दिला. काकू रिक्षात तो मांडीवर घेऊन बसल्या, आणि आबा रिक्षेमागे ओरडले, “पाणी बेतानं घाला!” मला हसू आवरेना. वर्षभर मी ज्याला वेडेपणा म्हणत होते त्या पत्रकाने एकेका झाडाला घर शोधून दिलं होतं.

दिवस मावळला तेव्हा सगळीकडे खड्डे आणि उकरलेली माती उरली. कोपऱ्यात फक्त सोनचाफा उभा होता. त्याचा पसारा एवढा मोठा होता की तो हलवणं शक्यच नव्हतं. आबांनी तसा प्रयत्नही कुणाला करू दिला नाही. सकाळी बुलडोझर येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आबांनी नळाला पाइप लावला आणि रोजच्यासारखं चाफ्याचं आळं भरायला घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, उद्या तोडणार आहेत ना त्याला? मग आता पाणी कशाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाइप खोडाच्या दुसऱ्या बाजूला फिरवला.

“तहान त्याला आज लागलीय, ताई.”