विरलेले निळे दाणे

प्रयोगशाळेत तिला सगळे निळी ताई म्हणत. उंदरांच्या मज्जारज्जूचे पातळ काप रंगवून रंगवून तिची नखं कायम निळीजांभळी असत. घरी आली की भाऊ वाट बघत बसलेला. काचेच्या दारातून पडून त्याच्या उजव्या मनगटातली नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली होती. टाके घालून ती जोडली, पण अंगठा नि शेजारची दोन बोटं बधिर. न्हाव्याचा हात तो, कात्रीच धरेना.

"आज काही वाटतंय?" ती त्याची बोटं चोळत विचारी.

"तुझ्या नवऱ्याचं डोकं करू शकेन," तो म्हणे. "एवीतेवी तिथं केस नाहीतच."

हसायचंही त्राण तिच्यात नसे.

एकदा ती चष्मा घरीच विसरली. भाऊ तो घेऊन प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी धडधाकट पेशी दाखवली, निळ्या दाण्यांनी गच्च भरलेली. मग नस तुटलेल्या उंदराची. ती फुगलेली, फिकट, केंद्रक कडेला सरकलेलं. दाणे विरघळून गेलेले.

"मेली?"

"नाही. नस तुटली की असंच होतं. काही पेशी मग दुरुस्तीला लागतात, दाणे परत भरतात. काही मरतात."

"ही कुठली?"

"नुसतं बघून मला नाही सांगता येत."

"इतकी वर्षं डोळे फोडतेस आणि सांगता येत नाही?" तो ताडकन उठला आणि निघून गेला.

ती पुढची काचपट्टी घेऊन बसली. वाईट वाटायलाही सवड नव्हती.

त्यानंतर तो तिला हात लावू देईना, आपला आपणच चोळत बसे. बरेच महिने गेले. एका सकाळी चहाचा पेला धरताना तो ओरडला, "भाजलं!" आणि पेला तसाच धरून राहिला. तिनंच तो काढून घेतला.

बोटांना जाण आली, अंगठ्यात मात्र जोर आला नाही. उजव्या हातात कंगवा आणि डाव्या हातात कात्री, असं तो नव्यानं शिकू लागला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिलाच खुर्चीत बसवलं.

"ताई, मान सरळ ठेव. एक बाजू आखूड झाली बघ."

ती केव्हाच झोपली होती. तो डाव्या हातानं तिची मान सावरत, ती जागी होण्याची वाट बघत उभा राहिला.